अमेरिकेतल्या हायस्कूलचं शेवटचं वर्ष: प्रॉमपासून टोपी उडवण्यापर्यंत नेमकं काय काय होतं?

हॉलिवूडचे सिनेमे आणि नेटफ्लिक्सच्या मालिका पाहून प्रॉम, यीअरबुक, चौकोनी टोप्या हवेत उडवणं या गोष्टी मराठी घरांतही आता ओळखीच्या झाल्या आहेत. पण हे सगळं बारावीच्या शेवटच्या तीन महिन्यांतच का घडतं, त्यात शाळेचा वाटा किती आणि पालकांचा किती, आणि या आनंदाच्या दिवसांवरून तिथे कोर्टकचेऱ्या का होतात, हे सिनेमात फारसं कळत नाही.

आधी निकाल, मग वर्ष संपतं

अमेरिकेत हायस्कूल बहुतेक ठिकाणी चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी. नववीतला विद्यार्थी फ्रेशमन, दहावीतला सोफोमोर, अकरावीतला ज्युनियर आणि बारावीतला सीनियर. शाळा ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते. दक्षिणेकडच्या राज्यांत ती मे अखेरीस संपते, तर न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते.

आपल्याकडच्या बारावीशी तुलना करताना एक फरक आधी लक्षात घ्यायला हवा. तिथे देशभराची किंवा सगळ्या राज्यांना लागू होणारी बोर्डाची परीक्षा नाही. ठरावीक विषयांचे ठरावीक क्रेडिट पूर्ण केले की डिप्लोमा मिळतो. काही राज्यं स्वतःच्या परीक्षा घेतात, पण त्या मार्कांवर कॉलेजचे दरवाजे उघडत नाहीत. कॉलेजं बघतात ती चार वर्षांची सरासरी, म्हणजे जीपीए, शिवाय निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि काही ठिकाणी एसएटी किंवा एसीटीचे गुण. मोठ्या कॉलेजांच्या अर्जांची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि मार्च अखेरपर्यंत उत्तरं येतात.

थोडक्यात, आपल्याकडे आधी परीक्षा, मग निकाल, मग प्रवेशाची धावपळ. तिथे प्रवेश आधी ठरतो आणि वर्ष नंतर संपतं. एप्रिल-मे हे दोन महिने त्यामुळे विचित्र मोकळे होतात. बहुतेक परंपरा याच मोकळ्या जागेत वाढल्या आहेत.

'सीनियरायटिस' नावाचा आजार

कॉलेजचं पत्र हाती पडलं की अभ्यासातलं लक्ष उडतं. गृहपाठ राहतो, पहिल्या तासाला उशीर होतो, वर्गात मुलं अंगाने हजर आणि मनाने भलतीकडे असतात. या अवस्थेला अमेरिकेत गमतीने 'सीनियरायटिस' म्हणतात. 'ब्राँकायटिस', 'टॉन्सिलायटिस' यांच्या चालीवर बनवलेला हा शब्द आता शब्दकोशातही गेला आहे.

शिक्षक हे बऱ्यापैकी चालवून घेतात. मात्र एक धोका असतो आणि शाळेतले समुपदेशक तो वसंतात पुन्हा पुन्हा सांगतात: कॉलेजचा प्रवेश सशर्त असतो. जूनमध्ये शाळा शेवटची गुणपत्रिका थेट कॉलेजला पाठवते. ग्रेड फारच घसरले असतील किंवा शिस्तभंगाची गंभीर कारवाई झाली असेल, तर कॉलेज खुलासा मागू शकतं आणि दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं. असं क्वचित होतं, पण होतं.

शिवाय मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षा असतात. या कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा आणि गुण १ ते ५ मध्ये. बरीच कॉलेजं ३ किंवा त्याहून वरच्या गुणांना क्रेडिट देतात, म्हणजे तेवढ्या विषयांची फी वाचू शकते. सगळे सुट्टीच्या मूडमध्ये असताना चार-पाच एपी घेतलेली मुलं मात्र कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री घोकत बसलेली असतात. भारतीय वंशाच्या घरांत हे चित्र नेहमीचं आहे.

१ मे: टी-शर्टांचा दिवस

कोणत्या कॉलेजला जायचं हे कळवण्याची आणि अनामत रक्कम भरण्याची रूढ मुदत १ मे आहे. त्या दिवशी अनेक शाळांत सीनियर मुलं निवडलेल्या कॉलेजचं नाव असलेला टी-शर्ट घालून येतात. फोटो निघतात, भिंतीवर नकाशा लावून कोण कुठे चाललं याच्या टाचण्या टोचल्या जातात. मिशेल ओबामा यांनी व्हाइट हाउसमध्ये असताना सुरू केलेल्या 'रीच हायर' मोहिमेने या दिवसाला आणखी प्रसिद्धी दिली. लष्करात भरती होणाऱ्या किंवा थेट कामाला लागणाऱ्या मुलांनाही या कार्यक्रमात सामावून घ्यायचं भान अलीकडे काही शाळा ठेवतात. सगळ्या ठेवत नाहीत.

टी-शर्टामागे पैशांचा हिशोब असतो. प्रवेश मिळणं आणि परवडणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीसाठी फॅफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यावरून कॉलेज किती सवलत देईल ते ठरतं. हा अर्ज एरवी ऑक्टोबरमध्ये खुला होतो. २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती डिसेंबरच्या अखेरीपर्यंत लांबली, त्यातही तांत्रिक घोळ झाले, आणि २०२४ च्या वसंतात लाखो कुटुंबांना एप्रिल उलटला तरी कोणतं कॉलेज कितीला पडणार हेच कळेना. बऱ्याच कॉलेजांनी त्या वर्षी १ मेची मुदत पुढे ढकलली. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं हे पहिलंच मूल होतं, त्यांना या उशिराची झळ जास्त बसली.

प्रॉम: नाच, आणि त्यामागचं राजकारण

वसंतातला सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे प्रॉम. हा शब्द 'प्रॉमनाड' म्हणजे डौलाने फेरफटका मारणं यावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या कॉलेजांत असे औपचारिक नाच होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हायस्कुलांत झिरपले. श्रीमंतांच्या मुलींना समाजापुढे आणण्याचे सोहळे असत. त्यांची मध्यमवर्गीय, शाळेच्या जिम्नॅशियममध्ये बसणारी आवृत्ती म्हणजे प्रॉम, असं म्हणायला हरकत नाही.

जुन्या रीतीनुसार ज्युनियर वर्ग सीनियरांना हा निरोपाचा नाच देतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याला ज्युनियर-सीनियर प्रॉम म्हणतात. आपल्याकडे दहावीला नववीची मुलं निरोप समारंभ देतात, त्याच जातीचा हा प्रकार. मुली लांब गाऊन घालतात, मुलगे भाड्याचा टक्सिडो. मुलीच्या मनगटावर फुलांचा छोटा गुच्छ बांधला जातो आणि मुलाच्या कोटाला त्याच रंगाचं फूल. एखाद्या गटाने मिळून लिमोझिन भाड्याने घ्यायची, आधी कुणाच्या तरी अंगणात पालकांनी मनसोक्त फोटो काढायचे, मग जेवण, मग नाच. कार्यक्रमात प्रॉम किंग आणि प्रॉम क्वीन निवडले जातात. एकेकाळी 'येशील का?' एवढंच विचारलं जाई. आता पोस्टर, डोनटचा खोका, पाळलेला कुत्रा असं काहीबाही घेऊन 'प्रॉमपोजल' होतं आणि त्याचा व्हिडिओ निघतो.

प्रॉमचा थाट कुठवर जाऊ शकतो याची कमाल १९७५ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सूझन हिच्या वर्गाचा प्रॉम ३१ मे १९७५ रोजी चक्क व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झाला.

पण प्रॉमची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. दक्षिणेकडच्या अनेक गावांत हा निकाल अमलात यायला १९७० साल उजाडलं. गोरी आणि काळी मुलं एका वर्गात बसू लागली, पण ती एकत्र नाचतील ही कल्पना पालकांना झेपेना. मग पळवाट निघाली. शाळेने प्रॉम घ्यायचाच नाही, पालकांनी खासगी घ्यायचा. खासगी म्हटल्यावर कुणाला बोलवायचं ते आपल्या हातात. असे 'गोरे प्रॉम' आणि 'काळे प्रॉम' कितीतरी वर्षं चालले. शाळा एक, फुटबॉलचा संघ एक, आणि निरोपाच्या रात्री दोन वेगळी सभागृहं.

मिसिसिपीतल्या चार्ल्सटन गावाची गोष्ट यात प्रसिद्ध आहे. त्या भागाशी जुनं नातं असलेले अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्ये प्रस्ताव ठेवला: सगळ्यांचा एकच प्रॉम घ्या, खर्च मी करतो. तो स्वीकारला गेला नाही. २००८ मध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा होकार मिळाला आणि शाळेचा पहिला एकत्र प्रॉम झाला. तरीही त्याच वर्षी काही गोऱ्या पालकांनी वेगळा प्रॉम घेतलाच. या घटनेवर 'प्रॉम नाइट इन मिसिसिपी' हा माहितीपट निघाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत चार मैत्रिणींनी, दोन गोऱ्या आणि दोन काळ्या, स्वतः देणग्या जमवून एकत्र प्रॉम घडवून आणला. तोवर तिथे तो वेगवेगळाच होत होता.

जोडीदार म्हणून कुणाला आणायचं यावरूनही खटले झाले. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका विद्यार्थ्याला दुसऱ्या मुलाला प्रॉमला न्यायचं होतं. शाळेने नकार दिल्यावर तो फेडरल कोर्टात गेला आणि जिंकला. हे त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असं कोर्टाने म्हटलं. तीस वर्षांनी, २०१० मध्ये, मिसिसिपीतल्या एका मुलीने मैत्रिणीसोबत, तेही टक्सिडो घालून यायचं ठरवलं, तर शाळेने सगळ्यांचाच प्रॉम रद्द केला. त्यानंतर तिला ज्या कार्यक्रमाचं ठिकाण सांगण्यात आलं, तिथे मोजकीच मुलं होती. बाकीचा वर्ग दुसरीकडे नाचत होता. पुढे शाळा प्रशासनाने ३५ हजार डॉलर देऊन तडजोड केली आणि भेदभावविरोधी धोरण स्वीकारलं.

त्या रात्रीची भीती

अमेरिकेत १६-१७ व्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना मिळतो आणि दारू पिण्याचं वय २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळ्या राज्यांनी ते २१ केलं. प्रॉम आणि ग्रॅज्युएशनच्या रात्री या दोन गोष्टी एकत्र येतात आणि अपघात होतात. म्हणून एप्रिलमध्ये अनेक शाळांत एक विलक्षण प्रयोग होतो.

त्याचं नाव 'एव्हरी फिफ्टीन मिनिट्स'. दर पंधरा मिनिटांनी काळा झगा घातलेला मृत्युदूत वर्गात शिरतो आणि एका विद्यार्थ्याला घेऊन जातो. काही वेळाने तो विद्यार्थी पांढरा फटक चेहरा रंगवून परत येतो आणि दिवसभर कुणाशीही बोलत नाही, कारण तो 'मेलेला' असतो. शाळेबाहेर चेपलेल्या गाड्या ठेवून अपघाताचं दृश्य उभं केलं जातं. खरे पोलीस, खरी रुग्णवाहिका, कधी कधी हेलिकॉप्टरही येतं. दुसऱ्या दिवशी जिम्नॅशियममध्ये अंत्यविधी होतो आणि आई-वडील आपल्या जिवंत मुलाला लिहिलेलं शेवटचं पत्र सगळ्यांसमोर वाचतात. सहभागी कोण हे आधी ठरलेलं असतं, पालकांची संमतीही घेतलेली असते, तरी रडू कुणालाच आवरत नाही.

हे कितपत योग्य, यावर वाद आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइड इथे पोलिसांनी वर्गावर्गांत जाऊन काही मुलं अपघातात गेल्याचं सांगितलं आणि ते नाटक असल्याचं काही तासांनी कळलं. तोवर मुलं ओक्साबोक्शी रडत होती. नंतर ती रागावली, आणि त्यात नवल काहीच नाही. अशा धक्क्याचा परिणाम किती दिवस टिकतो, हाही प्रश्न आहेच.

त्या मानाने दुसरा उपाय साधा आहे. मेन राज्यात १९७९ च्या ग्रॅज्युएशनच्या काळात अपघातांत मुलं गेली. त्यानंतर तिथे पालकांनी रात्रभर चालणारी, दारूविना पार्टी सुरू केली. तिला 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' म्हणतात आणि ती पुढे देशभर पसरली. शाळेत किंवा क्लबमध्ये मुलांना रात्री आत घ्यायचं, खेळ, खाणं, बक्षिसं ठेवायची आणि पहाटेच बाहेर सोडायचं. डिस्नेलँडने तर १९६१ पासूनच सीनियरांसाठी 'ग्रॅड नाइट' सुरू केली होती.

सही, अंगठी आणि डुकरं

बाकीच्या प्रथा लहान, पण मुलांच्या लक्षात राहतात त्याच. मे महिन्यात यीअरबुक येतं आणि आठवडाभर सगळे एकमेकांच्या पुस्तकात लिहीत सुटतात. आपल्याकडच्या स्लॅमबुकची आठवण व्हावी असा प्रकार. त्यात 'सर्वांत यशस्वी होईल असा', 'सर्वांत विनोदी' अशी मतदानाने दिलेली बिरुदंही असतात. क्लास रिंगची पद्धत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ मध्ये सुरू झाली आणि तिथून सगळीकडे गेली. बेसबॉल, टेनिस, लॅक्रॉस अशा वसंतातल्या खेळांत घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना 'सीनियर नाइट' असतो. खेळाडू आईवडिलांचा हात धरून मैदानात येतो आणि आईला फूल देतो. चार वर्षं रोज गाडीने सरावाला सोडणाऱ्या पालकांसाठी हा बहुधा प्रॉमपेक्षा मोठा क्षण असावा.

एक दिवस सगळा वर्ग ठरवून दांडी मारतो, तो 'स्किप डे'. आणि 'सीनियर प्रँक'. यातली सगळ्यांना ठाऊक असलेली कथा अशी: तीन डुकरांवर १, २ आणि ४ असे आकडे रंगवून शाळेत सोडायची आणि कर्मचाऱ्यांना दिवसभर तिसरं डुक्कर शोधत फिरवायचं. ही घटना प्रत्येक शाळेत 'आमच्याच शाळेत' घडलेली असते, यावरून काय ते समजावं. मात्र खोडीचं रूपांतर तोडफोडीत झालं तर पोलीस येतात आणि ग्रॅज्युएशनला स्टेजवर जाण्याची परवानगीही रद्द होऊ शकते.

मराठी घरांतला मे महिना

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांनी या परंपरा आपल्याशा केल्या आहेत. प्रॉमला जाऊ द्यायचं का, किती वाजता परत यायचं, यावरून आधीच्या पिढीत जे वाद होत ते आता मवाळ झाले आहेत. ग्रॅज्युएशन पार्टीला तर लग्नघराची कळा येते. पुण्याहून आजी-आजोबा आलेले असतात, मंडळातले सगळे बोलावलेले असतात आणि एका बाजूला मुलाच्या लहानपणापासूनच्या फोटोंचा फलक लावलेला असतो.

पण याच महिन्यात एका गटाला वेगळीच जाणीव होते. पालक एच-१बी व्हिसावर असतील, तर मुलं एच-४ वर असतात. मूल दोन वर्षांचं असताना आलेलं असो, सगळी शाळा तिथेच झालेली असो, केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीला ते पात्र नसतं. मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात, याला ती परवानगी नाही. सरकारी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांची कमी फी लागू होईल की नाही, हे राज्यागणिक बदलतं. आणि २१ वर्षं पूर्ण झाली की पालकांच्या व्हिसावरचा आश्रय संपतो. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की तोवर ते हाती पडेल याची खात्री नसते. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा किंवा देश सोडायचा. वर्गातल्या बाकीच्यांसाठी १८ वं वर्ष मोकळं होण्याचं असतं. या मुलांच्या घरात त्या दिवसापासून तीन वर्षांचं गणित मांडलं जातं.

टोपी, गोंडा आणि मिरवणूक

शेवट ग्रॅज्युएशनने होतो. बहुतेक ठिकाणी तो फुटबॉलच्या मैदानावर किंवा भाड्याच्या मोठ्या सभागृहात असतो. मुलं झगा आणि चौकोनी टोपी घालून रांगेने येतात. तेव्हा जी धून वाजते ती इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' मालिकेतल्या पहिल्या मार्चची, १९०१ मधली. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गार यांना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली, आणि मग अमेरिकेला तिच्याशिवाय पदवीदान सुचेना.

वर्गात पहिला येणारा 'व्हॅलेडिक्टोरियन' निरोपाचं भाषण करतो. लॅटिनमधल्या 'निरोप' आणि 'बोलणे' या शब्दांवरून हे नाव आलं. दशांशाच्या तिसऱ्या स्थळावरून कोण पहिलं ठरतं याची चढाओढ इतकी वाढली की अनेक शाळांनी ही निवडच बंद केली. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे असतो, डिप्लोमा मिळाला की डावीकडे सरकवतात. टोप्या उडवण्याची प्रथा १९१२ मधली, अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतली. त्या वर्षी पदवीधरांना लगेच अधिकारीपद आणि नवी टोपी मिळाली, जुनीचा उपयोग उरला नाही, म्हणून त्यांनी ती भिरकावली.

या सोहळ्यातही वाद शिरतातच. सरकारी शाळेच्या पदवीदानात धर्मगुरूने प्रार्थना म्हणणं घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. मूळ निवासी जमातींची मुलं टोपीला गरुडाचं पीस लावतात. त्यांच्या लेखी तो पवित्र सन्मान आहे, पण काही शाळांनी गणवेशाच्या नियमावर बोट ठेवून तो अडवला. मोंटाना राज्याने २०१७ मध्ये या हक्काला कायद्याचं संरक्षण दिलं. ओक्लाहोमात २०२३ मध्ये गव्हर्नरांनी असं विधेयक नाकारलं, तेव्हा विधिमंडळाने त्यांचा नकार रद्द करून ते मंजूर केलं.

२०२० मध्ये करोनामुळे हे सगळंच बुडालं. शाळांनी वाहनतळांवर आणि ड्राइव्ह-इन थिएटरांत सोहळे घेतले, पालकांनी अंगणात मुलाच्या फोटोचे फलक रोवले, आणि १६ मे रोजी बराक ओबामा यांनी टीव्हीवरून देशभरातल्या सीनियरांसाठी भाषण केलं.

एक गोष्ट फोटोंत दिसत नाही. स्टेजवर मुख्याध्यापक हात मिळवून जी देखणी फाइल देतात, ती बऱ्याच शाळांत रिकामी असते. खरा डिप्लोमा शेवटचे ग्रेड नोंदले गेल्यावर आणि ग्रंथालयाची पुस्तकं, लॅपटॉप, थकलेली फी यांचा हिशोब पुरा झाल्यावर मिळतो, कधी ऑफिसच्या खिडकीतून, कधी टपालाने.